चढावरचे एकशे चार

अर्धा चढ संपला आणि मोटरसायकलच्या तापमानाच्या पडद्यावर एकशे बारा उमटले. तिने गाडी कडेला घेतली. याच चढावर, पाणी गळून, याच गाडीचं इंजिन जाम झालं होतं आणि दादा पडून महिनाभर काठी घेऊन चालला होता. वरच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली तेव्हा दुरुस्त केलेली गाडी त्याने तिला दिली. तेव्हापासून तिचा निम्मा जीव त्या आकड्यात. आईने तर निक्षून सांगितलं होतं, रविवारपर्यंत हे थांबलं नाही तर गाडी विकायची. गाडी गेली की नोकरीही गेलीच. वर एसटी-जीप काही जात नव्हतं.

मागून येणारा मेकॅनिक थांबला. कोणी घाई केली की तो ‘सावकाश’ म्हणे, म्हणून त्याचं नावच सावकाश पडलं होतं. त्याने इंजिनजवळ तळहात धरला, कान लावला.

“खोटं बोलतोय बहुतेक.”

“कोण... मी?”

“पडदा. तुमचं कळायला — वेळ लागेल.”

शनिवारी गॅरेजमध्ये त्याने थंड इंजिनातून तापमानाचा सेन्सर काढला आणि वायरीसकट उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला. तिने प्रयोगशाळेतलं थर्मामीटर आणलं होतं, तेही शेजारी बुडवलं. दोघे वाफेवर वाकले. पडदा म्हणाला एकशे चार. पाणी शंभरला उकळतं, तेव्हा चारच अंश जास्त, असं त्याने सांगितलं. म्हणजे चढावर खरे एकशे आठ... म्हणजे गाडी विकणं आलंच.

मग तिने थर्मामीटर वाचलं. शहाण्णव.

तुमची काच चुकतेय, तो म्हणाला. तेव्हा मुलांना सांगावं तसं तिने त्याला हळूहळू समजावलं. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी लवकर उकळतं; शंभर हे खालच्या सपाटीचं माप. पडदा आठ अंश वाढवून सांगत होता. चढावरचे एकशे बारा म्हणजे खरे एकशे चार, पंखा सुरू व्हावा एवढेच.

तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याचा चेहरा उतरला. सहा वर्षं तो सगळ्यांचे पडदे शंभर धरून जुळवत आला होता.

“म्हणजे मी लोकांना चार अंश जास्तीची भीती विकली.”

आता काय करणार, असं तिने विचारलं. सोमवारपासून एकेक गाडी परत बोलावणार, तो म्हणाला. लपवता आलं असतं. तिथे तिसरं कोणी नव्हतं. तिने वाफेतून त्याच्याकडे पाहिलं... गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

रविवारी सकाळी, पडदा जुळवून, ती पुढे आणि तो मागच्या सीटवर असे दोघे चढाला लागले. शंभर. एकशे दोन. एकशे चार — पंखा घरघरला आणि तिची बोटं ब्रेकवर गेली. आकडा खरा झाला तरी हातांना ते कळायला वेळ लागतो, बरं का.

“थांबू?” तिने विचारलं.

“तुम्हीच शिकवलंत ना, एकशे चार म्हणजे फक्त पंखा.”

ती थांबली नाही. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, “मला वेगळीच भीती आहे. गाडी बरी झाली... आता गॅरेजमध्ये तुम्ही कशाला याल?”

आरशात तिला दिसलं, तो दोन्ही हातांनी सीटची कडी आवळून, डोळे मिटून बसला होता. तिने आधी वळण पार केलं.

“आज आईला सांगायचंय, गाडी विकायची नाही. तुम्ही घरी चला.”

“गाडीचं सांगायला?”

“आधी गाडीचं... मग आपलं. का, घाबरलात?”

“हो,” तो म्हणाला, आणि कडी सोडून त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.