बाभूळटाकळीचे चौदा प्रवासी

हे माझ्या सख्ख्या मेहुण्यांच्या बाबतीत घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या. पण माणूस खोटं बोलणारा नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

मार्च २०२३. मंगळवेढ्याच्या पलीकडचं बाभूळटाकळी.

मेहुणे मल्लिनाथ, एसटीत वाहतूक निरीक्षक. राहायला सोलापुरात, शुक्रवार पेठेत. बाभूळटाकळीला दिवसातून एकच गाडी. दुपारी एकला नेणारी, रात्री परत आणून सोडणारी. तिला प्रवासीच मिळेनात. तीन दिवस थांब्यावर बसून माणसं मोजायची आणि गाडी ठेवायची की बंद करायची ते लिहून द्यायचं, एवढंच काम होतं.

गाव कसलं... दारोदार कुलपं. कुणी पुण्याला, कुणी भिवंडीला. पोरंच उरली नाहीत म्हणून शाळाही मिटलेली.

पहिल्या दिवशी दोघंच चढले. बिरप्पा आणि त्याची बायको केराबाई. शेरडं राखून राहिलेलं म्हातारं जोडपं. बिरप्पाच्या किडन्या गेलेल्या, एक दिवसाआड याच गाडीनं डायलिसिसला जायचं. मुलगा कुमार पुण्याला बोलवायचा, पण बिरप्पाचा शेरडांतून पाय निघत नव्हता.

केराबाई मल्लिनाथांना एवढंच म्हणाली, "सायेब, गाडी न्हाय तर ह्यो मानूस न्हाय."

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथ शेडमध्ये एकटेच. ऊन मी म्हणत होतं. मोबाईलला रेंज नाही. पाखराचा आवाज नाही...

पाऊण वाजता मागून बांगड्या वाजल्या.

त्यांनी वळून बघितलं.

गावाकडून माणसं येत होती. डोक्यावर गाठोडी. कुणाच्या खांद्यावर पेटी. एका बाईच्या कडेवर लेकरू. सगळी येऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मल्लिनाथांकडे पाठ.

कुणी बोलेना... लेकरू रडेना...

मल्लिनाथांनी मोजली. चौदा.

खरं तर त्यांना बरं वाटलं. म्हातारीची गाडी वाचली. त्यांनी शेवटच्या बाईला विचारलं, कुठं निघालात?

तिनं मान वळवली नाही.

"आज तरी घेतील का ओ आमाला?"

गाडी आली. एकेक जण चढला. मल्लिनाथ सगळ्यांच्या मागून चढले.

आत एकही प्रवासी नव्हता.

कंडक्टर सयाजीनं विचारलं, "साहेब, आज एकटेच का?"

मल्लिनाथांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मागं थांबा रिकामा. रस्ता रिकामा. पुढं चढाला ड्रायव्हर कुरकुरायला लागला, गाडी भरल्यासारखी जड लागतीय म्हणून.

मल्लिनाथांनी शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

पण सीटचं रेक्झिन... दबलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी केराबाई भेटली. राहवेना म्हणून त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती घाबरली नाही. म्हणाली, "त्या चौदात आमी दोगं व्हतो का?"

मल्लिनाथांनी एकाचंही तोंड बघितलं नव्हतं.

अहवालात त्यांनी लिहिलं, दोन, चौदा, दोन. खाली सही केली. गाडी चालू राहिली.

त्या दिवसापासून मल्लिनाथांना एक खोड लागली. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी डेपोतून विचारून घ्यायचं, बाभूळटाकळीची किती तिकिटं फाटली? दोन म्हटलं की मगच जेवायला बसायचे. माझी बहीण चिडायची.

काल तिकिटं फाटली नाहीत.

सयाजी म्हणाला, थांब्यावर कुणीच नव्हतं.

मल्लिनाथांनी लगेच कुमारला पुण्याला फोन लावला. आईबाबांची तब्येत बिघडली का, विचारलं. कुमार निवांत होता. म्हणाला, काही नाही, दुपारीच आईचा फोन आला होता.

गाडीत बसलो म्हणून सांगायला...

आज सकाळी मल्लिनाथ बाभूळटाकळीला निघाले. मला सोबत चल म्हणाले होते.

मी गेलो नाही.