हलकी गाडी

शेडमध्ये त्या दिवशी दोन इंजिनं होती, त्यातलं एक उघडलेलं. तीन सांगाडे, पाच चाकं, अकरा पाने, गुळाच्या अडतीतून आणलेला मोठा लोखंडी काटा आणि तीन माणसं. सिकंदर मुल्लानं हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, खाली १२ फेब्रुवारी १९७४ अशी तारीख टाकली आणि मगच चहाला हात लावला. साताऱ्याहून बी.एस्सी. होऊन आल्यापासून त्याची ही खोडच होती. मोजल्याशिवाय एखादी वस्तू खरोखर आहे, असं त्याला वाटतच नसे.

शेड इस्लामपूरच्या बाहेर, मालक नानासोंच्या उसाला लागून. शहरातल्या गाड्या बांधावर अडायच्या, ओढ्यात रुतायच्या. नानासोंना मुरमाड डोंगरावरून शेरडासारखी पळेल अशी हलकी मोटरसायकल काढायची होती. रचना सिकंदरची. चालवायला बिराप्पा. त्यानं फौजेत दहा वर्षं टपालाची मोटरसायकल पळवली होती. "गाडी खपली की तू कायम," असा नानासोंनी त्याला शब्द दिला होता.

वजन वाचवायला सिकंदरनं आधी स्टँडच काढून टाकलं. त्यामुळे गाडी एकटी काट्यावर उभी राहीना. मग प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर बिराप्पासकट गाडी काट्यावर घ्यायची आणि आलेल्या आकड्यातून बिराप्पाचे अडुसष्ट किलो वजा करायचे, असं ठरलं. अडुसष्ट हा आकडा त्याच्या फौजेच्या कागदावरचा.

चाचणी पेठ नाक्यापलीकडच्या चढणीवर व्हायची. सुटे दगड, तांबडी माती, मध्यावर एक वाकडी बाभूळ. पहिल्या दिवशी पेट्रोल दोनशे ग्रॅम जळालं आणि काटा दीड किलोनं उतरला. सिकंदरनं काटा पुसला, तेल दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पायदान अॅल्युमिनियमचं केल्यावर सहाशे ग्रॅम वाचायला हवे होते. वाचले तीन किलो. तेही वाचले ते चढण चढून आल्यावर.

नानासो खूश. "आरं, तू काय जादू करतोस काय?"

"पायदान बदललं," सिकंदर म्हणाला. वहीत मात्र त्यानं प्रश्नचिन्ह काढलं.

महिन्याभरात गाडी एकसष्ट किलोवर आली. नानासोंनी पत्रकं छापून घेतली. वजन अवघे एकसष्ट किलो. खाली, रचना : सिकंदर मुल्ला, बी.एस्सी. पत्रकाचा वास त्यानं दोनदा घेतला.

त्याच दुपारी त्यानं तुळईला साखळी बांधली, तिला ताणकाटा अडकवला आणि गाडी एकटीच टांगली. चौऱ्याहत्तर किलो. तीनदा टांगली. तिन्ही वेळा चौऱ्याहत्तर.

"बिराप्पा, जरा या. काट्यावर उभे राहा."

पंचावन्न.

सिकंदरनं टेप काढली. छाती अडतीस इंच, कंबर चौतीस, दंड साडेबारा. फेब्रुवारीत शिंप्यानं बिराप्पाच्या शर्टाला घेतलेली मापं वहीत होती, अगदी हीच.

"काटा बिघडलाय न्हवं, सायेब?"

"काटा बरोबर आहे."

बिराप्पा हसला, मग हसू आवरलं. "जेवतो तर लय. आमची मनुबाई म्हनती, दोन भाकऱ्या वाढल्या तुमच्या." टेपकडे बघत तो म्हणाला, "एक सांगू? त्या बाभळीपाशी मागनं कोन तरी उतारतंय. रोजच. गाडी कशी हलकी व्हती, तशी."

"मागे सीटच नाही गाडीला."

"व्हय की. म्हनून तर बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिकंदर चढणीवर गेला. बाभळीखाली पायाचा ठसा नव्हता, गवत मोडलेलं नव्हतं. चाकाचा चर बाभळीच्या अलीकडे नऊ मिलिमीटर खोल होता, पलीकडे सात. चढ तोच, माती तीच.

त्यानं नानासोंना सगळं सांगितलं. नानासोंनी पान लावता लावता ऐकून घेतलं.

"गाडीत काय खोट न्हाई ना?"

"गाडीत नाही."

"मग झालं तर. बिराप्पाचं आपून नंतर बघू. कागदावर तुझं नाव हाय, ध्यानात ठेव."

नंतर बघू, हे सिकंदरनंही स्वतःशी म्हणून घेतलं. बिराप्पाला तेवढी दोन दिवसांची विश्रांती दिली आणि चाचण्या पुन्हा सुरू झाल्या.

एप्रिलमध्ये चढणीच्या पायथ्याशी मांडव पडला. काटाही तिथंच आणून ठेवला. सातारा, लोणंद, सांगलीहून सहा विक्रेते आले. बिराप्पा आला तो खिशात लोखंडी नट भरून. बांधावरून येताना वारं ओढतंय, म्हणाला. बायकोच्या, मनुबाईच्या पदराचं टोक त्यानं मुठीत धरलं होतं.

"आवं, आज ह्ये न्हाई गेलं तर?" मनुबाईनं सिकंदरला विचारलं.

विक्रेते घड्याळं काढून बसले होते. जादा वजनानं चढण सावकाश होणार होती. सिकंदरनं बिराप्पाच्या खिशात हात घातला आणि नट काढून घेतले. चार किलो दोनशे.

पहिली फेरी अडतीस सेकंद. टाळ्या पडल्या.

"पुन्यांदा दाखवा की गड्या!" लोणंदचा विक्रेता ओरडला.

दुसरी सव्वीस सेकंद. तिसरी एकोणीस. विक्रेत्यांना चेव चढला. दर वेळी बिराप्पा खाली येऊन सिकंदरकडे बघायचा. दर वेळी सिकंदर घड्याळ शून्यावर आणायचा.

सातव्या फेरीला बाभळीच्या पुढे धूळ उडाली नाही.

आठव्या फेरीला बिराप्पाचं धोतर झेंड्यासारखं वर फडफडत राहिलं. दोन्ही हात हँडलला आवळलेले.

"येकच! शेवटची!" नानासो म्हणाले.

नववी अकरा सेकंद.

सहाही विक्रेत्यांनी गाड्या नोंदवल्या आणि सगळे जेवायला मांडवामागे गेले. मांडवाच्या खांबाला टेकवलेल्या गाडीवरून बिराप्पा उतरेना. पाय जमिनीला लागत नव्हते. मनुबाईनं त्याला गाडीवरून सोडवून घेतलं, तान्ह्या मुलासारखं कडेवर घेतलं आणि पदरानं कमरेला बांधलं. पिळदार दंड, मिशा, सगळं जिथल्या तिथं. तो डोळे उघडे ठेवून सिकंदरकडे बघत होता.

"सायेब, ह्यास्नी परत आना."

"आधी मोजलं पाहिजे. काट्यावर या."

"त्यानं परत येत्यात व्हय?"

सिकंदरनं काट्याकडे बोट केलं. ती काट्यावर चढली.

सेहेचाळीस किलो.

"आता त्यांना मांडवाच्या खांबाला धरू द्या. तुम्ही एकट्या."

तिनं गाठ सोडली. बिराप्पानं खांबाला मिठी मारली. ती पुन्हा काट्यावर चढली. सिकंदरनं वाकून, डोळा काट्याच्या रेषेत आणून वाचलं.

सेहेचाळीस किलो.