चूक माझी, खाली माझं नाव

बंदरावरच्या छोट्या दैनिकाच्या जिन्यात सुल्गी एका तरुणावर धाडकन आपटली. तिच्या कॉफीने त्याचा पांढरा स्वेटर न्हाऊन निघाला, आणि वर तोच म्हणाला, "माफ करा हं! पत्रकार सुल्गीबाई कुठे बसतात?"

"मीच ती. का?"

"भांडायचंय... त्यांच्याशी. म्हणजे, तुमच्याशी."

अगंबाई! हा तर बातमीच्या फोटोतला उजिन, कालवांची शेती करणारा! खवळलेल्या समुद्रात उडी मारून त्याने एका म्हाताऱ्या कोळ्याला वाचवल्याची बातमी तिनेच कालच्या अंकात दिली होती.

"अहो, मी तर तुमचं कौतुक केलं!"

"तेच तर! मला पोहताच येत नाही. उडी मारली थान्हने. व्हिएतनामहून आलाय, माझ्या होडीवर कामाला असतो. मी नुसता सुकाणू धरून बोंबलत होतो! आता बाजारात जो तो मला सोजूची दारू पाजतोय, आणि तो बिचारा शेजारी गप्प बसतो. लाज वाटते हो."

सरकारी कचेरीतून आलेलं पत्रक सुल्गीने, सगळे करतात तसं, जसंच्या तसं उतरवलं होतं. एक फोन करायचा कंटाळा!

तिने जाऊन चूक सांगितली, तर संपादक पाकसाहेब म्हणाले, "जाऊ दे ना! तू अजून उमेदवारीवर आहेस. नावावर चूक चढली तर कायम कोण करेल तुला?"

ही नोकरी म्हणजे तिचा जीव की प्राण. दुपारभर ती कपाळाला हात लावून बसली. मग तिने थान्हला फोन करून सगळं नीट विचारलं आणि दुरुस्ती लिहिली – त्याच पानासाठी, तेवढ्याच मोठ्या मथळ्याची. 'चूक माझी' म्हणून खाली स्वतःचं नाव. "हट्टी कार्टी!" म्हणत पाकसाहेबांनी ती छापायला सोडली.

दुसऱ्या दिवशी थान्ह आणि उजिन कालवांची पेटी घेऊन हजर. थान्ह कमरेत वाकून म्हणाला, "कात्रणाचा फोटो आईला पाठवला, ताई. खूप रडली... आनंदाने." सुल्गीचेही डोळे भरून आले. पेटी मात्र तिने घेतली नाही.

"पत्रकाराला भेटी चालत नाहीत."

"मग धक्क्यावर येऊन नुसता वारा खा," उजिन म्हणाला. "तो तरी चालतो ना?"

वारा खायला ती गेली... आणि रोजच जाऊ लागली.

महिन्याभराने पाकसाहेबांनी तिला नोकरीत कायम केलं आणि पहिलंच काम दिलं, उजिनच्या कालवांवर लेख. तिने साफ नकार दिला. ते कळल्यावर उजिन हिरमुसला.

"अजून राग आहे माझ्यावर?"

"वेडा आहेस का! त्या दिवशी तू भांडायला आला नसतास, तर मी जन्मभर पत्रकंच उतरवत बसले असते. तुझे उपकार कसे विसरेन मी?"

"मग लेखाला नाही का म्हणालीस?"

"आपल्या माणसाबद्दल... आपण लिहू नये."

त्याच्या हातातलं कालव फोडायचं राहूनच गेलं. "आपल्या...?"

"पाकसाहेबांना हेच कारण लिहून द्यायचंय मला." सुल्गी कानापर्यंत लाल झाली. "पण या वेळी न विचारता लिहायचं नाही, असं ठरवलंय. सांग ना... खरं आहे का?"

उजिनने तिचा हात घट्ट धरला.

"खरंय. अगदी शब्दन् शब्द!"