कवठी चाफ्याचा वास

मला किळस म्हणून येत न्हाय. इंदापुरात माझी नर्सरी हाय. कोंबडखत हातानं कालवती आणि तोच हात धुऊन भाकरी खाती. पण निरवांगीला बहिणीच्या दारातलं ते फूल नाकाला लावलं आणि तितंच ओकारी काढली.

थोरली बहीण मुक्ताबाई. वर्षामागं तिची नात मोना जन्मली तवा मीच कवठी चाफ्याचं कलम दिलं व्हतं. आता मुक्ताबाईची सून राजेश्वरी फोनवर म्हणती, "मावशी, रोप भलतंच दिलंय तुमी. फुलं घाण मारत्यात." माझ्या रोपाला नावं ठेवल्यावर मी गप बसती व्हय? एसटी धरून गेलेच.

एका वर्षात झाड पार घराच्या पत्र्याला टेकलेलं. पान जाड, कळीवर लव, पांढऱ्या पाकळीला बोट लागलं की लगेच तपकिरी डाग. कवठी चाफाच. पण वास पिकल्या कवठाचा न्हवता. पोरानं ओकलेल्या आंबट दुधाचा व्हता.

"अक्का, खड्ड्यात काय घातलंस?"

मुक्ताबाई पदर चाळवत म्हणाली, "मोनाची वार, बाळंतपणात पडलेली. दवाखान्यातनं मागून आणली. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर कलम लावलं."

"पुरलेल्या वारेवर दगड ठेवत्यात. झाड लावत्यात व्हय गं?"

"झाड जोमानं आलं की. पोरगीच वाढंना. दुधाला तोंड लावत न्हाय."

मी एक मिटलेली कळी खुडली, नखानं सोलली. आत ओलं, कोमट लागलं. शी! आतल्या पाकळीवर डाग आधीच उमटलेले. पाच बोटं. तान्ह्या पोराच्या हाताची.

मातीनं हात घासघास घासला. वास जाईना.

"उपटा आधी ते," मी म्हणले.

मुक्ताबाईचा लेक सोपान कुदळ घेऊन झाडाकडं गेला. मी घरात टेकले. राजेश्वरीनं मोनाला माझ्या मांडीवर दिलं. पोरगी हलकी, अंग गार.

तिनं जांभई दिली.

पिकल्या कवठाचा वास आला.

मी तिच्या गालावरनं बोट फिरवलं. बोट गेलं तितं तपकिरी डाग उमटत गेला.

"सोपान, थांब," म्हणत मोनाला घेऊन उठले.

बाहेर कुदळ मुळाला लागली.

मोनानं पाय आखडून घेतले.