भिकाजीने धरलेला श्वास

स्पॅनिश डॉक्टरांना वाक्य संपवायचा कंटाळा असतो. छातीच्या एक्स-रेबद्दल लिहायला बसले की फुप्फुसांपासून निघून फासळ्या, हृदय, छातीखालचा पडदा असं सगळं गाव हिंडून मगच पूर्णविराम देतात. मला मात्र त्यांची भाषा आवडायची. फुप्फुसाच्या पसरट भागाला ते शेत म्हणतात, श्वासनलिकांच्या फांद्यांना झाड, आणि पांढुरक्या धुरकटपणाला घासलेली काच. इंग्रजीतही शेताचं शेतच होतं आणि झाडाचं झाड, त्यामुळे भाषांतराचं काम सुखाचं होतं.

अंधेरीला एका स्पॅनिश पाद्रीबाबांकडे मी ही भाषा शिकले तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. माझा भाऊ बाळ म्हणायचा, "घाटकोपरला राहायचं तर गुजराती शीक, निदान भाजी तरी स्वस्त मिळेल." पुढे फोर्टातल्या एका जहाज एजंटाची कामं नियमित यायला लागली, तेव्हा त्याचं तोंड बंद झालं.

१९८४च्या उन्हाळ्यात त्या एजंटाचा कारकून भीमराज एक पाकीट घेऊन आला. खारदांड्याचा भिकाजी नावाचा खलाशी स्पेनच्या एका बंदरातल्या इस्पितळात पडून होता. खोकला हटेना म्हणून त्याला बोटीवरून उतरवलं, एक्स-रे काढला, आणि त्या खोलीतच तो बेशुद्ध झाला. एजंटाच्या इथल्या डॉक्टरांना सगळा अहवाल इंग्रजीत हवा होता. मी करून दिला. दोन्ही शेतं स्वच्छ, हृदयाचा आकार योग्य, फोटो पूर्ण श्वास आत घेतलेला असताना काढलेला. इतक्या धडधाकट छातीचा माणूस उठून का बसत नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

मग दुसरं पाकीट आलं, तिसरं आलं. मजकूर तोच. भाषांतर करताना पाकिटातली एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बघायची मला सवय आहे. सहज म्हणून मी दोन फिल्म एकमेकींवर ठेवल्या. फासळीवर फासळी बसली, हृदयाची कड तंतोतंत जुळली.

भीमराज हसला. "बाई, एकाच फोटोच्या कॉप्या काढून पाठवतायत ते. बिल वाढवायचं, दुसरं काय?"

मला ते पटलंही असतं. पण भिकाजीच्या गळ्यातला ताईत प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी होता. कधी खांद्याकडे कललेला, कधी गळपट्टीच्या हाडावर. ताईत सरकत होता आणि छाती केसभरही हलली नव्हती. श्वास घेणाऱ्या माणसाचे दोन फोटो असे कधी जुळत नाहीत, एवढं मला या कामातून कळायला लागलं होतं. आणि पुढच्या अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं: श्वासाची हालचाल आढळत नाही, नाडी नियमित, रंग चांगला. त्या वाक्यात एकही अवघड शब्द नव्हता, तरी मी शब्दकोश उघडून बसले.

त्याच आठवड्यात भिकाजीची आई आली. अंजनाबाई. बाजार आटोपून, वाकोल्याला बस बदलून, भीमराजने दिलेला पत्ता विचारत विचारत दुपारी दारात उभी राहिली. मासळीची पाटी तिने बाहेरच ठेवली. एजंटाने तिला इंग्रजीत कळवलं होतं, की प्रकृतीत बदल नाही. ते पत्र तिने आळीतल्या शिकलेल्या पोरांकडून वाचून घेतलं होतं, पण तिचं समाधान झालं नव्हतं. मुलगा जगणार की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं.

मी तिला खिडकीच्या काचेला लावून फिल्म दाखवली. तिने पदराने हात पुसले आणि काचेवरच्या त्या काळ्या छातीला हळूच बोट लावलं. फोटो कसा काढतात, असं तिने विचारलं. मी सांगितलं, की काढणारा माणूस समोर उभा राहून स्वतः छाती फुगवून दाखवतो, मग आडोशाला जाऊन बटण दाबतो, आणि झालं की तिथूनच ओरडून सांगतो, श्वास सोडा.

"कंच्या भाषेत वरडतो?"

"त्यांच्या. स्पॅनिशमध्ये."

तिने फिल्मवरचं बोट उचललं.

"मंग माज्या पोराला सोर म्हनून कोनी सांगितला?"

त्यांच्या बोलीत सोड म्हणजे सोर. मी तिची समजूत घालायला गेले, की मावशी, कोणी सांगितलं म्हणून श्वास सोडत नसतं, तो आपोआप सुटतो. ती माझ्यावर रागावली नाही. "तुजा सुटल," म्हणाली. "माजा पोर ऐकनारा हाय. सांगितल्याबिगर नाय सोरायचा." आणि मग ती रडली. मला मूल नाही, पण त्या दुपारी मूल परमुलखात असणं म्हणजे काय ते मला कळलं.

तिचं मन राखावं म्हणून मी इस्पितळाला पत्र लिहिलं. रुग्णाच्या आईची इच्छा आहे, की पुढील शब्द त्याच्या कानात म्हणावा. सोर हा तो शब्द मी रोमन लिपीत, त्यांना नीट उच्चारता येईल असा लिहिला. भाषांतर केलं नाही.

उत्तर यायला पावसाळा उजाडला. पत्र तिथल्या डॉक्टरांचं होतं आणि यावेळी वाक्यं आखूड होती.

परिचारिकेने तो शब्द म्हटला. रुग्णाने श्वास सोडला. उच्छ्वास बराच वेळ चालू होता. भर उन्हाळ्यात खोलीच्या सगळ्या खिडक्यांवर वाफ धरली. त्यानंतर रुग्णाने श्वास घेतला नाही. चेहरा शांत होता.

मी बाळला बरोबर घेऊन खारदांड्याला गेले. अंजनाबाई ओटीवर बसली होती. बाळ बाहेर थांबला. मी तिच्याजवळ टेकले आणि भिकाजी गेला म्हणून सांगितलं. फिरवून, गुंडाळून सांगायला जमलं नाही.

"सोरला त्यानं?"

"हो, मावशी. तुमचा शब्द ऐकला."

"म्हंजे मीच..." ती म्हणाली.

आणि हंबरडा फोडण्यासाठी तिने मोठा श्वास घेतला. मी तिला धरायला हात पुढे केले.

हंबरडा आला नाही.

समोरच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. तो आवाज थांबला. मी वाट बघत होते.

तिची छाती भरलेली होती. चोळीच्या गाठीजवळचा पदर हलत नव्हता. मी हाक मारली. खांदे हलवले. मनगट धरलं. नाडी नियमित होती. रंग चांगला होता.

तिला काय म्हणायचं, ते मला माहीत होतं. पण तोच शब्द ऐकून भिकाजी गेला होता, म्हणून तो तोंडातून बाहेर पडेना.

तिचे डोळे उघडे होते. ती माझ्या ओठांकडे बघत होती.