आतल्या कड्यातलं पाणी

सगळं ऑफिस त्यांना मिलीमीटर म्हणायचं. तोंडावर आबा, पाठीमागे मिलीमीटर. आबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. चिकणमातीत पाणी किती वेगानं मुरतं, हे तीस वर्षं मोजत आलेल्या माणसाला याहून चांगलं नाव कोण देणार?

काम दिसायला सोपं. आदल्या दिवशी शेत भिजवून भेगा मिटवायच्या, एकात एक अशी दोन लोखंडी कडी जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाटाचं पाणी भरायचं. बाहेरचं पाणी राखण करतं, म्हणून आतलं सरळ खाली जातं. मग दर अर्ध्या तासानं ते सुरुवातीपासून किती मिलीमीटर उतरलं, हे पट्टीवर वाचायचं. आबा अक्षरं शिकले तिशीच्या उंबरठ्यावर, हे काम लागलं तेव्हा, तीही चौथीतल्या लेकीकडून. मोठ्यानं बोलल्याशिवाय आकडा लिहिणं त्यांना आजही जमत नसे.

आज तीच लेक मृदा अधिकारी होऊन नव्या यंत्रापाशी बसली होती. यंत्राची तार आबांच्याच कड्यात सोडलेली. मोठ्या साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं की आकडे जुळले नाहीत, तर आबांच्या तीस वह्या रद्दीत जातील. लेकीनं मान खाली घातली. आबा मिशीत हसले.

"बारा," आबा म्हणाले. यंत्रावर बारा. पुढे पंधरा, तिकडेही पंधरा. सतरा, तिकडेही सतरा. साहेबांचा आवाज मऊ होत गेला, आबांची छाती फुगत गेली.

लेक मात्र एकदा आबांच्या ओठांकडे, एकदा पाण्याकडे बघत होती. चौथ्या वाचनाआधी ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही आधी बोलता. पाणी मग उतरतं."

"ऊन लागलंय तुला. टोपी घाल."

पण वेळ झाली तेव्हा आबा मुद्दामच बोलले नाहीत. पाणी सतराच्या रेघेवर. वाऱ्यानं बाहेरच्या कड्यात तरंग उठत होते, आतलं काचेसारखं स्थिर. दहा मिनिटं गेली. यंत्रही सतरावरच. साहेबांनी त्याला दोन टपल्या मारून पाहिल्या. आबांनी कड्याशेजारची माती चाचपली. गार होती, आणि ताठरलेली. कान देऊन बसलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

त्यांना वह्या आठवल्या.

"अठरा."

पाणी उतरलं आणि बरोबर रेघेवर थांबलं.

साहेबांनी चक्क हात जोडले. "मानलं आबा. वह्या कपाटात राहतील, आणि कपाटावर तुमचं नाव."

लेकीचे डोळे भरून आले. आबांनी वहीत अठरा लिहिले. तिनंच गिरवून घेतलेला आठ, शेपूट जरा लांब.

शेवटचं वाचन उरलं होतं. आता हरण्यासारखं काही नव्हतं. आपण मोजतो की ठरवतो, एवढंच आबांना पाहायचं होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि पेन्सिल वहीवर धरली.

साहेब गाडीकडे गेले. लेक पाठमोरी, यंत्रावर वाकलेली.

अर्धा तास झाला.

"एकोणीस, बरोबर," ती लिहिता लिहिता म्हणाली. "पण आबा, एवढं हळू का बोललात?"

आबांचे ओठ मिटलेलेच होते. आतल्या कड्यातलं पाणी रेघभर खाली गेलं होतं, आणि त्याच्या मधोमध एक बुडबुडा नुकताच फुटला होता.