कंट्रोलची स्लाइड

दीपमाला तायडे रोज सकाळच्या एसटीने वलगावहून अमरावतीला यायची आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात शिरली की आधी माश्या बघायची. माश्या म्हणजे चिलटं, पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती. मक्याचं पीठ आणि गूळ घालून काचेच्या बाटल्यांत तिने ती वाढवली होती. कपाशीवर मारायच्या औषधाने त्यांच्या अळ्यांच्या नसांचं काय होतं, हा तिच्या पीएचडीचा विषय होता. विषय दूरचा नव्हता. तिचे वडील देवमन पाठीवर पंप घेऊन लोकांच्या शेतात रोजाने फवारणी करायचे. दोन हजार सतराचा सप्टेंबर होता. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारणारे मजूर दवाखान्यात भरती होत होते.

काम किचकट, पण सरळ होतं. अळी चिरून पसरायची, रसायनात पक्की करायची, मग तिच्यावर अँटिबॉडी सोडायची. ती फक्त नसेला जाऊन चिकटते. तिला दुसरी, चमकणारी अँटिबॉडी चिकटते, आणि निळ्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली नस तेवढी हिरवी उजळते. सोबत एक स्लाइड मुद्दाम पहिल्या अँटिबॉडीविना करायची. तिच्यात चमक धरून ठेवणारं काही नसतं. ती काळीच दिसायला हवी. तिला कंट्रोल म्हणायचं.

सोमवारी कंट्रोलमध्ये एक नस दिसली.

फिकी होती, पण होती. दीपमालाने स्वतःलाच दोष दिला. स्लाइडा बदलल्या असतील, धुणं नीट झालं नसेल. तिच्या मार्गदर्शक मॅडम आठवडाभर अकोल्याला परीक्षेच्या कामाला गेल्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "पुन्हा कर. प्रत्येक स्लाइडवर हिऱ्याच्या पेनाने खूण कर."

तिने पुन्हा केलं. या वेळी तीन वेगवेगळ्या बाटल्यांतल्या अळ्या घेतल्या. एक लॅबची, एक अकोल्याहून आणलेली आणि एक घरची. घरच्या माश्या तिने स्वयंपाकघरात टमाट्यांच्या टोपलीवर धरल्या होत्या. गुरुवारी सकाळी लॅबची कंट्रोल काळी निघाली. अकोल्याची काळी निघाली. वलगावच्या घरची हिरवी होती.

"कुर्बानभाई, जरा पाहता का?"

कुर्बानभाई विभागाचे जुने लॅब असिस्टंट. वीस वर्षं त्यांनी स्लाइडा धुतल्या होत्या, पण सूक्ष्मदर्शकात क्वचितच पाहिलं होतं. ते वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पन बेटा, हे काहून वाढून राहिलं?"

तिने पुन्हा डोळा लावला. खरंच वाढत होतं. निळ्या उजेडाखाली असली चमक हळूहळू विझत जाते, म्हणून बघून झालं की उजेडाची झडप बंद करायची, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. इथे उलटं होतं. ती जितकं पाहील तितक्या नसा उघडत होत्या. मेंदूच्या दोन गोळ्यांपासून निघून दोन्ही अंगांना जाणाऱ्या बारीक दोऱ्या, एकेक फांदी, एकेक टोक. कुर्बानभाई चहा सांगायला गेले. डार्करूममध्ये तिच्या श्वासाचा आणि यंत्राच्या पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी डावीकडचं एक टोक विझलं.

मग शेजारचं. मग त्यांच्यामागची फांदी. काळोख टोकांकडून आत सरकत होता, शांतपणे. अळी मंगळवारीच मेली होती. रसायनात पक्की झाली होती, काचेखाली बंद होती. तिच्यात काही सरकायचं कारणच नव्हतं.

दीपमालाला सकाळ आठवली. सदऱ्याचं बटण लावताना बाबांची डाव्या हाताची बोटं चालत नव्हती. मुंग्या आल्या, म्हणाले, आणि तसेच निघाले.

तिने बाबांना फोन लावला. नुसती रिंग जात राहिली. मग आईला लावला.

"आई, बाबा कुठं आहेत?"

"भगवंतरावाच्या वावरात, नाल्याजवय," केशरबाई म्हणाली. "सकायपासून फवारून राहिले. काहून?"

"कोणी सोबत आहे?"

"नाई. एकलेच गेले. काय झालं?"

"मले माहीत नाई. तू आत्ता जा. जयवंता मावशीले घे, गाडीवाल्याले घे. चालत जाऊ नको."

 आईने आणखी काही विचारलं नाही. चपला ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दीपमालाने पुन्हा डोळा लावला.

उजवी बाजूही गेली होती. मेंदूजवळ एक दोरी उरली होती, बोटभरही नाही, केसाएवढी. तिचा हात झडपेवर गेला. उजेडाने चमक मरते. उरलेली वाचवायची तर झडप बंद करायला हवी. चार वर्षांचं शिक्षण हेच सांगत होतं.

तिने हात काढून घेतला.

ती पाहत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी पापणी पाडली नाही. बाहेर कुर्बानभाईंनी दारावर टकटक केली, चहा ठेवून गेले.

दोरी थरथरली.

राहिली.

पावणेबाराला फोन वाजला. "सापडले," केशरबाई धापा टाकत म्हणाली. "कपाशीच्या तासात पडले होते, तोंडातून फेस. श्वास चालू आहे. आमी गाडीत आहो. तू दवाखान्यात ये."

तेव्हाच तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

संध्याकाळपर्यंत सरकारी दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली. देवमनच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, त्या मोठ्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "वेळेवर कोणी पाहिलं यांना? आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं." केशरबाईने पोरीकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. दीपमालाला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली. तिने दारातल्या गाडीवरचे पोहे उभ्या उभ्या खाल्ले, आणि मग आईच्या खांद्याला डोकं लावून बराच वेळ रडली.

शनिवारी देवमन उशीला टेकून बसले. बोटं चालत होती. त्यांनी हाताने वरणभात खाल्ला, वर लोणचं मागितलं. आता पंपाला हात लावायचा नाही असं केशरबाईने बजावलं, तेव्हा मान हलवून हसलेसुद्धा. वॉर्डात ऊन आलं होतं. केशरबाई भांडी धुवायला गेली आणि दीपमाला मोसंबी सोलायला बसली.

"दीपा," ते म्हणाले, "पडलो तवा समदं हिरवं झालं होतं. कपाशीवानी नाई, उजेडावानी. अन् वरून तू पाहून राहिली होती. लई मोठी दिसे. मले वाटलं, हे पाहून राहिली तवर आपल्याले काई होत नाई."

तिने त्यांच्या हातावर मोसंबीची फोड ठेवली. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं.

देवमननी फोड खाल्ली, बी हातात काढली.

"मले फक्त येवढं सांग," ते म्हणाले. "तुया मांगं वाकून पाहून राहिलं होतं, ते कोन होतं?"